शेअर केलेला कोड विकायचाय? आधी त्याचा सातबारा बघ

या वेळचं पत्र देवगड तालुक्यातनं आलंय. लांब होतं, थोडं कापून देतेय, शब्द त्याचेच आहेत.

"ताई, मी 27 वर्षांचा आहे. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून पुण्यात जॉबला लागलो, लॉकडाऊनमध्ये घरी आलो, दीड-दोन वर्षं घरनंच काम केलं आणि नंतर जॉब सोडून इथेच राहिलो. घरची हापूसची साडेतीनशे कलमं आहेत. 2021 च्या सीझनला बाबांचा हिशोब बघून डोकं फिरलं. वाशीला कुठल्या दलालाला किती पेट्या गेल्या, पट्टी किती आली, आडत हमाली भाडं किती कापलं, राखणीच्या गुरख्यांनी उचल किती घेतली, सगळं तीन वेगवेगळ्या वह्यांत. म्हणून मी एक ॲप लिहिलं, नेट नसलं तरी चालणारं. गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना बघायला ठेवायच्या साइटवर, टाकलं आणि लायसन्स निवडा म्हणाले तिथे जीपीएल व्ही 3 वर क्लिक केलं, खरं सांगतो, तेव्हा वाचलं नव्हतं. हळूहळू आणखी सहा जणांनी त्यात भर घातली. मालवणच्या माझ्या कॉलेजच्या मित्राने तर ऑफलाइन सिंकचा, म्हणजे नेट नसताना केलेल्या नोंदी नेट आल्यावर जुळवायचा, अख्खा भाग लिहिला. आज आमच्या भागातले बरेच बागायतदार ते फुकट वापरतात.

आता दोन गोष्टी झाल्यात. एक, कोणीतरी आमचंच ॲप उचलून, आमच्याच नावापुढे एक शब्द जोडून, प्ले स्टोअरवर 499 रुपयाला लावलंय. दोन, मुंबईची एक फळांची कंपनी म्हणतेय की कोड आम्हाला द्या, दीड लाख देतो, पण गिटहबवरनं काढून टाका आणि पुढे कोणाला देऊ नका. बाबा म्हणतात, 'फुकट वाटलंस तेव्हा कोणी काय दिल्यान? आता पैशे येतत तर घे.' मित्र म्हणतो, मी हे गावासाठी म्हणून रात्री जागून लिहिलं, तू विकलंस तर आपलं बोलणं बंद. मग मी म्हटलं, 'व्यापारी वापराला बंदी' असं लायसन्स लावू का, तर तेही त्याला पटत नाही. ताई, एकदा सगळ्यांना दिलेला कोड नंतर धंद्याचा होऊ शकतो का? मी चोर ठरेन का?
— एक कलमवाला"

अरे, चोर कशाला ठरशील. पण तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकत्र कालवल्या गेल्यात आणि त्या वेगळ्या होत नाहीत तोवर तू, बाबा आणि मित्र, तिघंही आपापल्या जागी बरोबरच वाटत राहणार. एक आहे विकणं आणि दुसरं आहे बंद करणं. विकायला तुला आजही कोणाची परवानगी लागत नाही. बंद करायला लागते, सगळ्यांची लागते, आणि ती मिळाली तरी जे बाहेर गेलंय ते परत घरात येत नाही.

विकण्याचं आधी बघू. जीपीएल व्ही 3 मध्ये सरळ लिहिलंय की प्रत देताना हवी ती किंमत लावा किंवा लावू नका, आणि सपोर्टचे, वॉरंटीचे पैसेही घ्या. अट एवढीच की ज्याला ॲप दिलं त्याला सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्राम मुळात जसा लिहिला तो मजकूर, मिळाला पाहिजे, आणि तो त्याने पुढे कोणाला दिला तर तू अडवायचं नाही. हे लायसन्स ज्यांच्या डोक्यातनं निघालं ते रिचर्ड स्टॉलमन 1985 साली आपल्या ईमॅक्स नावाच्या प्रोग्रामच्या टेप स्वतः 150 डॉलरला एक अशा विकायचे, म्हणजे पैशाला हात लावायचा नाही असं या मंडळींनी कधीच म्हटलेलं नाही. गोंधळ झालाय तो इंग्रजीमुळे, त्यांच्याकडे फ्री म्हणजे फुकट पण आणि मोकळं पण, एकच शब्द. आपल्याकडे दोन शब्द आहेत तर आपण ते नीट वापरूया. तुझं ॲप फुकट आहे ही तुझी मर्जी, उद्या बदलू शकतोस. तुझं ॲप मोकळं आहे हा तू दिलेला शब्द आहे. गावची पाणंद मोकळी असते, तिच्यावरनं तू पेट्यांनी भरलेला टेम्पो नेलास आणि पैसे कमावलेस तर कोणी विचारत नाही, फक्त मध्ये गडगा, म्हणजे दगडांची भिंत, घालायचा नाही.

त्या कंपनीला नेमका गडगा पाहिजे. दीड लाख कोडचे नाहीत, कोड तर त्यांना आजही गिटहबवरनं पाच मिनिटांत मिळतो, दीड लाख आहेत ते गडग्याचे. आणि तो घालायचा हक्क एकट्या तुला आहे का हे बघायला तुझ्या ॲपचा सातबारा काढावा लागेल.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको खरं तर. आमच्या रत्नागिरीतल्या जमिनीच्या उताऱ्यावर 23 नावं आहेत. त्यातली काही माणसं मी जन्मात बघितलेली नाहीत, एक आत्या वारली तिच्या मुलांची वारस नोंद अजून झालेली नाही, आणि मुंबईचा एक काका सही करायला येतो येतो म्हणता म्हणता तीन गणपती होऊन गेले. अख्खी जमीन कोणाला द्यायची तर ही सगळी माणसं एका कागदावर यायला हवीत, एकटा कसणारा कितीही राबलेला असो. तुझ्या ॲपवर आज सात नावं आहेत, तू आणि ते सहा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो, कथा-कवितेच्या रांगेत, आणि जो लिहितो त्याचा हक्क लिहिल्या क्षणी तयार होतो, कुठे नोंदणी करावी लागत नाही. मित्राने पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे आपली भर पुढे केली, आणि तू ती मर्ज केलीस, आत घेतलीस, म्हणून त्याचा कोड तुझा झाला नाही. त्याने तो तुला आणि जगाला जीपीएलखाली वापरायला दिला, तेवढंच. गिटहबचा नियमही तोच आहे, रेपोवर, म्हणजे तिथल्या तुमच्या कोडच्या फोल्डरवर, जे लायसन्स लावलेलं असेल त्याच लायसन्सखाली भर येते, वेगळं काही लिहून ठरलं नसेल तर. तुमचं तर काहीच ठरलेलं नव्हतं.

तेव्हा तू त्या कंपनीला "हा कोड आता फक्त तुमचा" असं लिहून दिलंस तर मित्राच्या हिश्श्याची जमीन त्याला न विचारता विकलीस असं होईल. आणि असल्या ॲग्रीमेंटमध्ये "सगळे हक्क माझ्याकडेच आहेत, पुढे कोणी दावा केला तर जबाबदारी माझी" असं एक वाक्य बहुतेक वेळा असतंच, त्याखाली सही तुझी असणार. दीड लाख परत करून सुटशील असं समजू नकोस.

आणि आणखी एक नाव उताऱ्यावर निघू शकतं, जे तुझ्या लक्षातच आलेलं नसणार. तू लिहिलंयस की 2021 ला घरनं जॉब चालू होता. कायद्याचं कलम 17 असं सांगतं की नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काही लिहिलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक ती कंपनी. आंब्याच्या पट्टीचं ॲप हे काही तुझ्या ऑफिसचं काम नव्हतं, त्यामुळे बहुतेक तू सुरक्षित आहेस, पण ते जुनं अपॉइंटमेंट लेटर शोधून काढ आणि वाच, कारण काही कंपन्या "नोकरीच्या काळात केलेलं सगळं आमचं" असंच छापून ठेवतात आणि आपण पहिल्या पगाराच्या आनंदात न वाचता सही करतो. लॅपटॉप कोणाचा वापरला होतास तेही आठव. हे आज घरात बसून कळलेलं बरं, कंपनीच्या वकिलाने शोधून काढण्यापेक्षा.

आता सहा जणांचं. गिटचा लॉग, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंदवही, उघड आणि प्रत्येकाच्या नावासमोर त्याने नक्की काय लिहिलंय ते बघ. सहातल्या दोघा-तिघांनी स्पेलिंग सुधारलं असेल, बटणाचा रंग बदलला असेल, एवढ्यावर सहसा कॉपीराइट उभा राहत नाही, तरी विचारायला काय जातं. ज्यांनी खरोखर लिहिलंय त्यांची लेखी संमती लागेल. एखादा सापडलाच नाही, अकाउंट बंद करून गेलेला असला, तर त्याचा तेवढा भाग काढून, त्याचा कोड समोर न ठेवता, नव्याने लिहावा लागेल. हे अशक्य नाही. व्हीएलसी प्लेअर माहितीये ना, आपण सगळे त्यावर पिक्चर बघतो तो, त्यांना 2011-12 च्या सुमारास आपल्या इंजिनचं लायसन्स जीपीएलवरून एलजीपीएलवर न्यायचं होतं, म्हणजे थोडंसं सैल करायचं होतं एवढंच, तरी जगभर पांगलेल्या जुन्या-नव्या डेव्हलपरांना एकेक करून शोधून हो म्हणवून घ्यावं लागलं. तुझे तर सहाच आहेत आणि मुख्य माणूस मालवणात बसलाय.

कागद करायचाच झाला तर एक गोष्ट लक्षात ठेव, कारण इथे पुष्कळ जण फसतात. हक्क कायमचे दुसऱ्याच्या नावावर करायचे, म्हणजे आपल्या हक्कसोड पत्रासारखं, तर कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी लागतं, कुठले हक्क ते त्यात लिहावं लागतं, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षंच धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. व्हॉट्सॲपवर "हो रे, घे सगळं" आलं म्हणून झालं असं नाही. पण माझं मत विचारशील तर मित्राकडून हक्क सोडवून घेऊच नकोस. त्याचं नाव उताऱ्यावर राहू दे. ज्याने रात्री जागून सिंक लिहिलं, आणि तू लिहितोस त्यावरनं तोच भाग नेट नसलेल्या बागेत ॲप चालवतो, त्याला तुझ्या सोयीसाठी बाहेर काढायचं हे मला बरोबर वाटत नाही.

मोठ्या कंपन्या दोन्ही बाजूंनी कशा खेळतात असं तुला वाटत असेल, तर त्याचं गुपित सातबाऱ्यातच आहे. मायएसक्यूएल नावाचं डेटा साठवायचं सॉफ्टवेअर जीपीएलखाली फुकट पण मिळायचं आणि ज्याला आपलं प्रॉडक्ट बंद ठेवायचंय त्याला वेगळं पैशाचं लायसन्सही मिळायचं. हे जमलं कारण कोडचे हक्क कंपनीने पहिल्यापासून स्वतःच्या एकट्याच्या नावावर ठेवले होते, उताऱ्यावर एकच नाव. 2008 ला सन नावाच्या कंपनीने ती कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली, 2010 मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. आणि हे होणार असं दिसल्यावर मूळ लिहिणाऱ्यांपैकीच काहींनी 2009 मध्ये तोच जीपीएलचा कोड घेऊन मारियाडीबी नावाने वेगळी चूल मांडली, ती आजही पेटती आहे. अब्जभर डॉलर मोजूनही मोकळा झालेला कोड परत कोंडता आला नाही.

हे अलीकडेही झालंय, आणि बऱ्याचदा तसंच होतं. सर्व्हर उभारायला वापरतात त्या टेराफॉर्मने ऑगस्ट 2023 मध्ये लायसन्स आवळलं, लोकांनी जुना कोड घेऊन ओपनटोफू काढलं. रेडिस या डेटाबेसने मार्च 2024 मध्ये तेच केलं, काही दिवसांत लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली वाल्की उभं राहिलं, आणि मे 2025 मध्ये रेडिसने स्वतःच एजीपीएल या मोकळ्या लायसन्सचा पर्याय दिला. तुझ्या लायसन्समध्येही शब्द आहेत की अटी पाळणाऱ्याकडून दिलेले हक्क परत घेता येणार नाहीत. म्हणजे उद्या तू रेपो डिलीट केलास तरी ज्याच्याकडे आजची प्रत आहे, तो मालवणचा मित्र धर, तो दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा टाकू शकतो, आणि कायदा त्याच्या बाजूने असेल. ती कंपनी दीड लाख देऊन जे विकत घेऊ बघतेय ते तुझ्याकडे द्यायला आहेच कुठे? हे त्यांना स्पष्ट सांग. बहुतेक त्यांनाही माहीत नसेल.

"व्यापारी वापराला बंदी" हा तुझा तिसरा विचार मला अजिबात आवडला नाही. तुझ्या मनात दलाल आणि कंपन्या आहेत हे कळतंय, पण बागायतदार आंबे विकतो तो व्यापार नाही तर काय आहे? त्या वाक्याने तू तुझ्या बाबांनाच ॲप वापरायला बंदी करशील. ओपन सोर्सची, म्हणजे मोकळ्या कोडची, जी व्याख्या 1998 पासून मानली जाते तिच्यात तर स्पष्ट आहे की कामाच्या क्षेत्रावरून भेद करायचा नाही, धंद्याला नको असं म्हटलं की ते ओपन सोर्स राहत नाही. शिवाय जीपीएलवर अशी जादा बंदी चिकटवली तर घेणारा ती काढून टाकू शकतो, हेही जीपीएलमध्येच लिहिलेलं आहे.

तुला भीती वेगळी असेल, की एखादी कंपनी ॲप आपल्या सर्व्हरवर चढवेल, बागायतदारांना ब्राउझरमधनं वापरायला देईल, त्यात सुधारणा करेल आणि त्या सुधारणा कोणालाच दाखवणार नाही. ही भीती खरी आहे. साध्या जीपीएलमध्ये सर्व्हरवर चालवणं म्हणजे प्रत देणं धरत नाहीत, त्यामुळे सोर्स द्यायची अट लागू होत नाही. यासाठीच 2007 मध्ये एजीपीएल व्ही 3 आलं, ज्यात बदललेला प्रोग्राम नेटवरनं लोकांना वापरायला दिला तरी त्यांना सोर्स द्यावा लागतो. आणि तुझ्यासाठी सोय अशी की जीपीएल व्ही 3 चा कोड आणि एजीपीएल व्ही 3 चा कोड एकत्र जोडायला दोन्ही लायसन्सनी परवानगी दिलीये. म्हणजे सर्व्हरचा नवीन भाग तू स्वतः एजीपीएलखाली लिहिलास तर त्याला जुन्या सहा जणांची सही लागत नाही, त्यांचा भाग आहे तसा जीपीएलखाली राहतो. मित्राला हे सांग, मला वाटतं हे त्याला पटेल.

आता तो 499 वाला. राग येणं साहजिक आहे, पण विकतोय म्हणून त्याला धरता येणार नाही, तो हक्क तूच त्याला दिलायस. धरायचं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे अटी. 499 रुपये भरून ॲप घे, बिल जपून ठेव, आत तुमची कॉपीराइटची नावं आणि जीपीएलचा मजकूर आहे का बघ, आणि गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडे सोर्स कोड माग. दिला तर विषय संपला, त्याने काही चांगल्या सुधारणा केल्या असतील तर त्याही उचल, तोही तुझा हक्क आहे. नाही दिला तर तू आणि मित्र दोघांच्या नावाने साधं, सभ्य भाषेतलं नोटिशीचं पत्र पाठवा. व्ही 3 मध्ये पहिल्यांदा चुकलेल्याला, नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत सुधारलं तर हक्क पूर्ववत मिळतात, ही सवलत आहे. म्हणून पहिल्याच पत्रात पोलीस-कोर्टाची भाषा नको, खूप जणांना खरंच माहीत नसतं. नाहीच ऐकलं तर प्ले स्टोअरवर कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म असतो. या अटींना कोर्टात किंमत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला अमेरिकेतली खेळण्यातल्या रेल्वेची केस सांग. मॉडेल ट्रेन चालवायचं सॉफ्टवेअर काही हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, दुसऱ्याने नावं काढून आपल्या प्रॉडक्टमध्ये वापरलं, आणि 2008 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की फुकट दिलेल्या कोडच्या अटी मोडणं हाही कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. तो निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण हौशी माणसाच्या कोडलाही अटी असतात हे समजायला पुरेसा आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे नाव. हे तर हापूसवाल्याला चांगलंच माहीत असायला हवं. तुझ्या बागेतली काडी नेऊन कोणी कर्नाटकात खुंटावर बांधली तर ते झाड वाढणारच, झाडाला कोण अडवणार. पण ऑक्टोबर 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, म्हणजे फळ कुठेही पिकवा पण हे नाव लावून विकू नका. कोड आणि नावाचं तसंच आहे. जीपीएलने तू कोड दिलास, ॲपचं नाव आणि लोगो दिला नाहीस. नावापुढे एक शब्द जोडून लोकांना ते तुमचंच वाटेल असं करणं याविरुद्ध, नाव रजिस्टर नसलं तरी, दाद मागता येते. पण रजिस्टर कर. ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि एकट्या माणसाला एका वर्गासाठी 4,500 रुपये फी आहे. भरायच्या आधी मित्राशी बोल, नाव कोणाच्या नावावर राहणार ते आधी ठरू दे, नाहीतर नवीन भांडण. माझ्या मते तुमच्या ॲपची खरी विकण्यासारखी गोष्ट हे नावच आहे, कारण बागायतदार कोड बघत नाही, कोणाचं ॲप आहे ते बघतो.

मग पैसे कुठून येणार, हा बाबांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. तू जॉब सोडून बसलायस, कलमं पण एक वर्ष धरतात, एक वर्ष मोहोर येऊन अवकाळीत जळतो. कंपनीला परत फोन कर आणि विचार की तुम्हाला ॲपमधनं नक्की काय करून हवंय. त्यांना स्वतःच्या ऑफिसात वापरायचं असेल तर परवानगीही लागत नाही आणि काही उघडही करावं लागत नाही, हे प्रामाणिकपणे सांग. मग सांग की तुमच्या गोडाऊनच्या हिशोबाला जोडून देणं, तुमच्या माणसांना शिकवणं, एप्रिल-मेच्या गर्दीत रात्री बारा वाजता बंद पडलं तर फोन उचलणं, याचे पैसे मी घेतो, वर्षाला इतके. एकदाच दीड लाख घेऊन हात झटकण्यापेक्षा दर वर्षी साठ-सत्तर हजार मला जास्त चांगले वाटतात, आणि असे तीन-चार जण मिळाले तर पुण्याला परत जायचा विषयच येत नाही. हा मार्ग बारीक नाही. रेड हॅट ही कंपनी बहुतांश ज्याचा सोर्स मोकळा आहे अशाच सॉफ्टवेअरवर, सपोर्ट आणि भरवसा विकून वाढली आणि 2019 मध्ये आयबीएमने तिला 34 अब्ज डॉलरला घेतलं. बागायतदारांसाठी ॲप फुकटच ठेव, पण बॅकअप हवा, सीझन संपल्यावर सगळ्या पट्ट्यांची छापील वही हवी, कॅनिंगच्या आंब्याचा किलोवारी हिशोब वेगळा हवा, याचे वर्षाला काही रुपये घ्यायला लाजू नकोस. पेट्रोलचे पैसे देतात, खतवाल्याला देतात, तुलाही देतील.

एक बारीक काम राहिलं, ते एका संध्याकाळी उरकून टाक. ॲपमध्ये बाहेरच्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे, किती आहेत त्यांची यादी काढ. एमआयटी, बीएसडी, अपाची 2.0 अशा सैल लायसन्सवाल्या असतील तर त्यांची कॉपीराइटची नावं आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की झालं. बागांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेतला असशील तर त्यांचं नाव नकाशावर दिसलं पाहिजे. आणि दुसऱ्या कोणाची जीपीएलवाली लायब्ररी आत असेल, तर सातही जणांनी सह्या दिल्या तरी कोड बंद करून विकता येणार नाही, कारण तो आठवा हिस्सेदार.

हे नाव ठेवण्याबद्दल मी एवढं का म्हणतेय, तर पुण्यात एका कंपनीत असताना, नवीनच होते, एका फाइलच्या माथ्यावर परदेशातल्या कोणा माणसाचं नाव आणि चार ओळींचं लायसन्स होतं. सीनियर म्हणाला क्लायंटला हे दिसायला नको, काढून टाक. मी काढलं. एमआयटीसारखं सगळ्यात सैल लायसन्स, ज्याची मागणीच एवढी की माझं नाव राहू द्या, आणि मी तेवढंही ठेवलं नाही. त्याला कधी कळलं नाही, कंपनीचं काही बिघडलं नाही, पण पुढे माझा स्वतःचा कोड मी एका ठिकाणी बिननावाचा बघितला तेव्हा त्या माणसाची आठवण झाली आणि ती अजून जात नाही. तू अजून काही काढलेलं नाहीस. विचारतोयस, हेच मला आवडलं.

मित्राशी कसं बोलायचं हे तू विचारलं नाहीस पण माझ्या मते पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. त्याला राग पैशाचा आलेला नाही, त्याला कंपनीची ऑफर आधी बाहेरनं किंवा उशिरा कळली असणार. त्याला लिहायचंच झालं तर एवढं लिही: "सिंकचा भाग तुझा आहे आणि तुझाच राहणार. कोड बंद करायला मी नाही म्हणून सांगतोय. पण सपोर्टचे पैसे घ्यायचा विचार आहे, त्यात तुझा हिस्सा किती धरायचा ते आपण मिळून ठरवू, आणि नको म्हणालास तर तसं सांग." हिस्सा कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, मोजून ठरवू नका, त्याने ज्या गोष्टीमुळे ॲप बागेत चालतं ती गोष्ट लिहिलीये, ती ओळींत मोजता येत नाही. बाकी जे पाच जण आहेत त्यांनाही कळवा, ॲपमध्ये एक पान करून सगळ्यांची नावं घाला. जे ठरेल ते एका कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा, आणि पुढे जो कोणी कोड देईल त्याच्यासाठी आत्ताच रेपोमध्ये दोन वाक्यं टाका की तुमची भर याच लायसन्सखाली येईल आणि तुमचं नाव राहील. कंपनीशी मोठा करार व्हायला लागला तर मात्र कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखव, ती फी वाया जाणार नाही.

पण लिहिण्याच्या आधी, आणि कंपनीला उत्तर द्यायच्याही आधी, देवगड ते मालवण काय लांब नाही, गाडी काढ आणि जाऊन ये. बाबांना घेऊन गेलास तर आणखी बरं, त्यांना पण कळू दे की ते सिंक कोणी लिहिलंय.